जीवनसत्त्वांचा मोठा डोस की आधी रक्ततपासणी?

सांगली-मिरजेकडे मनोविकाराच्या रुग्णाचे नातेवाईक 'नुसत्या जीवनसत्त्वांवर भागेल का?' असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नात दोन वेगळे मार्ग मिसळलेले असतात. पहिला मार्ग मोठ्या डोसचा. १९५०च्या दशकात कॅनडात अब्राम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना रोज काही ग्रॅम नायासिन (जीवनसत्त्व बी-३) दिले. निरोगी प्रौढाची गरज मात्र १५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. १९६८मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी या विचाराला सैद्धांतिक पाठबळ दिले, पण अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या १९७३च्या अहवालाने त्याचे दावे अमान्य केले. शिवाय अशा डोसने यकृताला इजा होऊ शकते.

दुसरा मार्ग कमतरता शोधून ती भरण्याचा, आणि माझा कौल त्यालाच आहे. नायासिनअभावी होणाऱ्या पेलाग्रात बुद्धिभ्रम होतो आणि तो नायासिनने ओसरतो; दख्खनच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा आजार पूर्वी आढळत असे. आज अधिक लक्ष हवे ते बी-१२कडे. ताटात भाकरी, आमटी, भाजी असते, पण दूध-दही क्वचितच, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असते; या दोन्हींमुळे बी-१२ कमी पडू शकते. अशा व्यक्तीला तळपायाला मुंग्या, जिभेची आग, विस्मरण आणि उदासी एकत्र जाणवत असेल, तर बी-१२ तपासणे अगत्याचे ठरते. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. कमतरता नसेल, तर बी-१२च्या इंजेक्शनने नैराश्य हटेल अशी अपेक्षा धरू नये आणि मनोविकारतज्ज्ञांची औषधे परस्पर बंद करू नयेत.