एजंटसाठी डीबगरच्या टूलचे वर्णन: एका ओळीचे की सविस्तर?

एआय एजंटच्या (स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रॅमच्या) हाती डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवत त्यातली चूक शोधण्याचे साधन, द्यायचे, तर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा त्या ओळीवरची खूण) लावणे, प्रोग्रॅम एक ओळ पुढे नेणे, व्हेरिएबलची किंमत वाचणे अशा प्रत्येक क्रियेसाठी टूल बनवावे लागते आणि प्रत्येक टूलचे वर्णन लिहावे लागते. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरची टूल जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, एजंटला टूल कळते ते मुख्यतः त्याच्या नावावरून, वर्णनावरून आणि इनपुटच्या आराखड्यावरून. टूलमागचा कोड त्याला सहसा दिसत नाही. हे वर्णन एका ओळीत उरकावे की सविस्तर लिहावे, हे ठरवू पाहणाऱ्या नाशिकमधल्या आमच्यासारख्या लहान टीमसाठी ही तुलना आहे.

एका ओळीच्या वर्णनाची बाजू कमकुवत नाही. साधारणपणे सगळ्या टूलची वर्णने प्रत्येक वेळी मॉडेलपुढे जातात. वीस टूल आणि प्रत्येकी दोनशे शब्द धरले, तर मूळ काम सांगण्याआधीच चार हजार शब्द खर्ची पडतात. शिवाय कोड बदलला की वर्णनही बदलावे लागते, आणि लांब वर्णनातले एखादे शिळे वाक्य एजंटला छोट्या वर्णनापेक्षा जास्त भरकटवते. कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) दाखवणाऱ्या टूलला एक ओळ पुरते, कारण ते नुसते वाचते आणि त्याचा अर्थही रूढ आहे. मात्र ‘स्टेप’ या नावावर विसंबता येत नाही. जीडीबी या प्रचलित डीबगरमध्ये ‘स्टेप’ म्हटले की डीबगर फंक्शनच्या आत शिरतो आणि ‘नेक्स्ट’ म्हटले की फंक्शन पूर्ण करून पुढच्या ओळीवर येतो. आपले टूल यांपैकी नेमके काय करते, हे लिहिलेच पाहिजे.

सविस्तर वर्णनाचे मोल आम्हाला कांद्याच्या हिशोबपट्टीने पटवले. व्यापाऱ्याच्या खळ्यासाठी केलेल्या आमच्या प्रोग्रॅममध्ये भुईकाट्यावरच्या भरलेल्या ट्रॉलीच्या वजनातून रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा होते, आणि काही पट्ट्यांवर निव्वळ वजन कमी येत होते. चूक आमचीच होती, पण तिचा फटका शेतकऱ्याला बसला असता, म्हणून ती तातडीने शोधणे भाग होते. एजंटने वजाबाकीच्या ४२व्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि मग त्याच फाईलमध्ये, पट्टी छापली जाते त्या ११८व्या ओळीवर दुसरा लावला. प्रोग्रॅम फक्त ११८ वर थांबला. त्यावरून ४२वी ओळ चालतच नाही असा निष्कर्ष काढून एजंट भलतेच फंक्शन दुरुस्त करू लागला.

आमचे टूल डीबग अडॅप्टर प्रोटोकॉलवर, म्हणजे एडिटर आणि डीबगर यांच्यातल्या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीवर, उभे होते. त्या प्रोटोकॉलमध्ये ब्रेकपॉइंट लावण्याची विनंती त्या फाईलमधले आधीचे सगळे ब्रेकपॉइंट काढून नवी यादी बसवते. आमचे वर्णन होते, “दिलेल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावते.” त्यात खोटे काहीच नव्हते, पण जे हातचे जाते ते सांगितलेले नव्हते. नवे वर्णन असे लिहिले: “या फाईलमधील ब्रेकपॉइंटची संपूर्ण यादी बदलते. यादीत नसलेले जुने ब्रेकपॉइंट निघून जातात; ते हवे असतील तर त्यांच्या ओळीही पाठवा. ओळींची मोजणी १ पासून. ब्रेकपॉइंट पक्का झाला का आणि प्रत्यक्षात कोणत्या ओळीवर बसला, हे उत्तरात येते.”

हीच काळजी व्हेरिएबल वाचणाऱ्या टूललाही लागते, जरी ते काही बदलत नसले तरी. व्हेरिएबल ओळखण्यासाठी डीबगर देतो ते संदर्भ-क्रमांक प्रोग्रॅम थांबलेला असेपर्यंतच वैध असतात. तो पुन्हा चालू झाला की ते नव्याने मागावे लागतात, हे एजंटला सांगावे लागते. एखादी अभिव्यक्ती चालवून किंमत काढणारे टूल तर वरून निरुपद्रवी दिसते, पण त्यात फंक्शन बोलावले गेले तर चालू प्रोग्रॅमची स्थितीच बदलू शकते. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूलवर ‘केवळ वाचन’ अशी खूण करता येते. पण ती निव्वळ सूचना आहे, वर्णनातल्या स्पष्ट वाक्याची जागा ती घेत नाही.

वर्णन मराठीत लिहावे का, हा प्रश्न आमच्याकडे आपुलकीने विचारला गेला. देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलमध्ये जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचते ते) लागतात आणि डीबगरचे शब्द मुळात इंग्रजीच आहेत, म्हणून आम्ही साध्या इंग्रजीत लिहितो. काय लिहायचे याची चर्चा मात्र मराठीतच होते.

तेव्हा निवड सगळ्या टूलसाठी एकदाच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे टूल नुसते वाचते आणि ज्याला वेळेची अट नाही, त्याला एक ओळ द्यावी. जे स्थिती बदलते किंवा ठरावीक स्थितीतच चालते, त्याच्या वर्णनात बोलावण्याआधी काय असायला हवे आणि बोलावल्यावर काय उरते, हे दोन्ही लिहावे, मग चार ओळी जास्त गेल्या तरी चालतील. शंका असल्यास, कारण आधीच ठाऊक असलेला एखादा दोष घेऊन दोन्ही वर्णनांनी एजंट चालवून पाहावा. आम्ही तीच पट्टी पुन्हा दिली, तेव्हा एजंटने ४२ आणि ११८ या दोन्ही ओळी एकाच विनंतीत पाठवल्या, आणि एकाच ट्रॉलीसाठी प्रोग्रॅम ४२व्या ओळीवर दोनदा थांबला, म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचे वजन दोनदा वजा होत होते.