कूलरच्या मालावरची सूट: बिलातच घ्यावी की वर्षअखेर?

नागपुरात कूलरच्या मोटर, पंप, पंखे आणि पॅडची डीलरशिप घेताना कंपनीचा माणूस सहसा तीन प्रकार पुढे ठेवतो. पहिला, प्रत्येक बिलात २.५ टक्के सरळ सूट. दुसरा, वर्षाचं टार्गेट गाठलं तर पहिल्या रुपयापासून, म्हणजे पूर्ण खरेदीवर, रिबेट (वर्षअखेरचा परतावा): ८० लाखांच्या आत काही नाही, ८० लाखांपासून १.५ टक्के, एक कोटीला ४ टक्के. तिसरा, टप्प्याटप्प्याने: पहिल्या ८० लाखांवर २ टक्के, पुढच्या २० लाखांवर ४, त्यावरच्या खरेदीवर ६. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण बोलणी साधारण याच धर्तीवर होतात. कागदावर दुसरा प्रकार सगळ्यांत गोड दिसतो. हिशोब मांडला की असं चित्र येतं:

| वर्षाची खरेदी | बिलात २.५ टक्के | पहिल्या रुपयापासून | टप्प्याटप्प्याने |
|---|---|---|---|
| ७९ लाख | १,९७,५०० | ० | १,५८,००० |
| ९९ लाख | २,४७,५०० | १,४८,५०० | २,३६,००० |
| १ कोटी | २,५०,००० | ४,००,००० | २,४०,००० |
| १.२ कोटी | ३,००,००० | ४,८०,००० | ३,६०,००० |

'पहिल्या रुपयापासून'चा रकाना नीट बघा. ९९ लाखांवरून एक कोटीवर जायला एक लाखाचा माल लागतो आणि रिबेट अडीच लाखांनी वाढतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात "भाऊ, एक गाडी उचला, स्लॅब बसून जाते" असा फोन का येतो, ते यातच आलं. तिसऱ्या प्रकारात अशी उडी नसते, म्हणून तो फोनही सहसा येत नाही.

आता वेळेचा खर्च. वर्षअखेरचं रिबेट जून-जुलैच्या आधी क्वचितच खात्यावर येतं. खरेदी वर्षभर पसरलेली धरली तर रिबेटचा प्रत्येक रुपया सरासरी नऊ महिने कंपनीकडे पडून राहतो. सीसी लिमिटचं (धंद्यासाठी बँकेने दिलेल्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज १२ टक्के धरलं तर ९ टक्के घट: ४ टक्क्यांचे ३.६४ उरतात, १.५ चे १.३६. बिलातल्या २.५ शी बरोबरी व्हायला एक कोटीचं टार्गेट दोनपैकी एका वर्षी तरी गाठलं गेलं पाहिजे, तेही बाकीच्या वर्षी ८० लाख चुकले नाहीत तर. मागच्या तीन वर्षांची खरेदी काढा, माल परत गेल्याच्या नोंदी आणि जीएसटी वजा करा. तिन्हींपैकी सर्वांत कमी आकडा ८० लाखांच्या खाली असेल तर दुसऱ्या प्रकाराचा विचार सोडून द्या. यंदाचा उन्हाळा कडक जाईल हा अंदाज इथे धरायचा नाही. मे महिन्यात दोन अवकाळी पाऊस पडले की गोदामं भरलेली राहतात.

कूलरच्या धंद्याची आणखी एक गोम आहे. सीझनचा माल फेब्रुवारीपासून उचलला जातो आणि टार्गेटचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे एकाच उन्हाळ्याची खरेदी दोन आर्थिक वर्षांत तुटते. याचा फायदाही होतो. २५ मार्चला ९३ लाखांवर अडकला असाल तर सात लाखांचा माल उचलून रिबेट जवळपास १.४ लाखांवरून ४ लाखांवर जातं, आणि तो माल एप्रिल-मेमध्ये सुटतो. टार्गेट वर्षाऐवजी दर तिमाहीचं असेल तर मात्र उलटं होतं. जूनअखेर ३० लाखांच्या २ टक्क्यांसाठी, म्हणजे ६०,००० रुपयांसाठी, सात लाखांचा माल उचलला तर तो फेब्रुवारीपर्यंत पडून राहतो. आठ महिन्यांचं व्याज ५६,००० होतं, गोदामाचं भाडं वेगळं. शिवाय मोटर-पंप टिकतात. वुडवूलचे (लाकडी तंतूंचे) पॅड मात्र जागा खातात आणि पावसाळ्यात ओल धरतात. तिमाही स्कीम या धंद्यासाठी बनलेलीच नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. घ्यावीच लागली तर जुलै ते डिसेंबरचं टार्गेट वेगळं, छोटं करून मागा.

मार्चमध्ये दाबून उचललेल्या मालाची किंमत पुढच्या वर्षीही चुकवावी लागते. कंपनी नवं टार्गेट मागच्या आकड्यावर १०-१५ टक्के चढवून देते. तो आकडा ओढूनताणून केलेला होता, हे तिच्या शीटमध्ये कुठे लिहिलेलं नसतं.

सगळ्यांत जास्त पैसा मात्र काउंटरवर गळतो. इतवारीतला शेजारी ४ टक्के मिळणारच असं धरून आजच दर तीन टक्क्यांनी पाडतो, तुम्हीही पाडता. वर्षअखेर त्याचं टार्गेट बसतं, तुमचं ९९ लाखांवर राहतं, आणि विकलेल्या मालावर तुम्ही खिशातून दीड टक्का भरलेला असतो. क्रेडिट नोट (रक्कम तुमच्या खात्यात जमा केल्याचा कंपनीचा कागद) हातात येईपर्यंत रिबेट विक्रीच्या दरात धरू नका. बिलातली सूट हवी तर दरात उतरवा, ती मिळालेली असते. जोर लावून विकताना माल छिंदवाडा-गोंदियाकडे गेला तर बहुतेक करारांत 'हद्दीबाहेर विक्री' या कलमाखाली पूर्ण रिबेट रद्द करण्याची मुभा कंपनीला असते.

करारात टक्क्यांपेक्षा व्याख्या आधी वाचा. खरेदी म्हणजे काय: बिलाची तारीख की माल पोहोचल्याची? ३१ मार्चला कारखान्यातून निघालेली गाडी २ एप्रिलला वाडीच्या गोदामात उतरली तर ती कोणत्या वर्षात? रकमेत जीएसटी धरला आहे का? कोणते मॉडेल वगळले आहेत? २१ दिवसांत पैसे न दिलेलं बिल मोजलं जाणार की नाही? एका थकीत बिलापायी संपूर्ण रिबेट अडणार असेल तर ती अट खोडून घ्या. सेल्समनने तोंडी सांगितलेली स्कीम त्याची बदली झाली की त्याच्यासोबत जाते. व्हॉट्सअॅपवरचं पत्रक चालेल, पण त्यावर कंपनीचं नाव, तारीख आणि मुदत हवी. आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पात्र खरेदीचा आकडा कंपनीच्या खातेउताऱ्याशी जुळवून लेखी मंजूर करून घ्या. जूनमध्ये बारा महिन्यांचा फरक शोधायला बसलं तर परत गेलेला माल आणि दरफरकाचे क्लेम एकमेकांत अडकलेले असतात.

क्रेडिट नोट आली की आधी तिच्यावर जीएसटी आहे का ते पाहा. ४ लाखांच्या रिबेटवर १८ टक्के कर लावून ४.७२ लाखांची नोट आली, तर वरचे ७२,००० तुमचे नाहीत; तेवढं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट) परत करावं लागतं. खात्यात रक्कम दिसली म्हणून खर्च झाली आणि उलट नोंद राहिली, की पुढे व्याजासह मागणी येते. करमुक्त, म्हणजे व्यापारी क्रेडिट नोट आली तर इनपुट क्रेडिटला हात लावायचा नाही. १२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे. कर असलेली नोट कंपनीला, माल दिला त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच रिटर्नमध्ये दाखवता येते, त्यामुळे दिवाळीपर्यंत ढकललेला वाद धोक्याचा.

रिबेटऐवजी बँकॉकची सहल किंवा सोन्याचं नाणं देऊ केलं तर तेवढ्याच रकमेची क्रेडिट नोट मागा. १ जुलै २०२२ पासून वर्षात २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर १० टक्के टीडीएस आहे. लाखाची सहल असेल तर १०,००० चा कर तुमच्याकडून आधी भरून घेतला जाऊ शकतो, आणि तो लाख तुमच्या उत्पन्नातही धरला जातो. विक्रीवरची सरळ सूट या टीडीएसमध्ये येत नाही.