फाइल लॉकस्मिथ, आठ महिन्यांनंतर: न हलणारं फोल्डर आणि त्याला धरून बसलेले

आठ महिन्यांपूर्वी माझ्या डेटा ड्राइव्हवरचं एक फोल्डर चार दिवस जागचं हललं नाही. ६४ जीबीचं, काम संपलेलं, दोन ठिकाणी बॅकअप घेतलेलं. डिलीट दाबलं की दरवेळी तीच खिडकी: हे फोल्डर किंवा यातली एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा. कुठल्या प्रोग्राममध्ये, ते मात्र ती खिडकी सांगत नाही. मी सगळं बंद केलं होतं. दोनदा रीस्टार्ट करून झालं होतं. व्हिडिओ एडिटिंग हेच माझं काम असल्यामुळे ६४ जीबी जागा अडून राहणं म्हणजे पुढचा प्रोजेक्ट अडून राहणं. चौथ्या दिवशी रात्री मी पॉवरटॉइज इन्स्टॉल केलं आणि त्यातलं फाइल लॉकस्मिथ पहिल्यांदा उघडलं. तेव्हापासून ते जवळजवळ दर आठवड्याला वापरते आहे. आता ते माझ्या चांगलं ओळखीचं झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पॉवरटॉइज हा मायक्रोसॉफ्टचाच मोफत आणि मुक्त स्रोत संच आहे. नाव विंडोज ९५ च्या काळापासूनचं, आजचा अवतार २०१९ पासूनचा. फाइल लॉकस्मिथ त्यात २०२२ मध्ये आलं. वापरायला शिकावं लागत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करायचं, मेनूतून 'अनलॉक विथ फाइल लॉकस्मिथ' निवडायचं. एक छोटी खिडकी उघडते आणि त्या फोल्डरमधल्या, त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांमधल्याही फाइली कोणकोणत्या प्रोसेसनी, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांनी, धरून ठेवल्या आहेत त्यांची यादी येते. प्रत्येक ओळीपुढे 'एंड टास्क'चं बटण असतं आणि ओळ उलगडली की प्रोसेसचा क्रमांक, ती कोणत्या युजरच्या नावाने चालू आहे आणि तिने नेमक्या कोणत्या फाइली धरल्या आहेत हे दिसतं. विंडोज ११ मध्ये हा पर्याय राइट क्लिकच्या पहिल्या मेनूत हवा की 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत, ते सेटिंग्जमध्ये ठरवता येतं. मी पहिल्या मेनूतच ठेवला आहे.

त्या रात्री यादीत एकच ओळ आली. व्हिडिओचा फॉरमॅट बदलणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा मदतनीस प्रोग्राम. मुख्य खिडकी मी कितीतरी दिवसांत उघडली नव्हती, पण हा मदतनीस लॉगिन झाल्याबरोबर मागच्या मागे सुरू व्हायचा. ओळ उलगडली तर आत एकाच एमओव्ही व्हिडिओ फाइलचं नाव. मी 'एंड टास्क' दाबलं, ओळ गेली, आणि डिलीट दाबेपर्यंत पुन्हा हजर. मरून पुन्हा उठत होता तो. मग लक्षात आलं की कधीतरी मीच हे फोल्डर त्या सॉफ्टवेअरमध्ये नजर ठेवायच्या फोल्डरांच्या यादीत टाकलं होतं, म्हणजे नवीन फाइल आली की आपोआप रूपांतर सुरू व्हावं. त्या यादीतून नाव काढलं, सॉफ्टवेअर नीट बंद केलं, आणि ६४ जीबी काही सेकंदांत मोकळे झाले. रीस्टार्टचा उपयोग का होत नव्हता, तेही तेव्हाच उलगडलं. रीस्टार्टने धरणारा सुटत होता आणि लॉगिन झाल्यावर पहिला तोच परत येत होता.

फाइल लॉकस्मिथची खरी किंमत माझ्या लेखी इथे आहे. त्याचं बटण मी फार कमी वेळा वापरते. त्याने दिलेलं नाव वापरते. नाव कळलं की नव्वद टक्के वेळा त्या प्रोग्राममध्ये जाऊन सरळ मार्गाने काम होतं: प्रोजेक्ट बंद करणं, सिंक थांबवणं, प्रीव्ह्यू पेन बंद करणं.

फोल्डर अडतं का, हे थोडं समजून घेतलं तर सगळा त्रागा कमी होतो. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम फाइल उघडतो तेव्हा तो उघडतानाच सांगतो की मी ही फाइल वापरत असताना इतरांना काय करू द्यायचं: वाचू द्यायचं का, लिहू द्यायचं का, डिलीट करू द्यायचं का. डिलीटची मुभा न देता उघडली असेल, तर ती बंद होईपर्यंत कुणालाच ती काढता येत नाही. त्यात ॲडमिनिस्ट्रेटरही आला. म्हणूनच या चुकीवर फाइलच्या परवानग्या, म्हणजे कोणत्या खात्याला काय करता येईल ते, बदलत बसून काही होत नाही, तिचा परवानग्यांशी संबंधच नसतो. लिनक्सवर वेगळं आहे. तिथे उघडी फाइलही काढता येते, नाव लगेच जातं आणि आतला डेटा शेवटचा वापरणारा सुटल्यावर जातो. दोन्ही पद्धतींमागे विचार आहे. मला विंडोजची पद्धत चुकीची वाटत नाही, फक्त धरणाऱ्याचं नाव त्या खिडकीतच लिहिलं असतं तर माझे चार दिवस वाचले असते.

आणखी एक प्रकार भुतासारखा वाटतो. फोल्डर डिलीट होतं, पण दिसत राहतं. उघडायला गेलं तर प्रवेश नाकारला म्हणून सांगतं. हे तेव्हा होतं जेव्हा धरणाऱ्याने डिलीटची मुभा दिलेली असते. काढण्याची खूण झालेली असते, पण त्याने हात सोडेपर्यंत नाव जागेवरच राहतं. अशा फोल्डरशी झटापट करू नये. धरणारा बंद केला किंवा रीस्टार्ट केलं की ते आपोआप जातं. रीस्टार्टच करावं, शट डाउन नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि ती चालू असली तर शट डाउन करताना सिस्टीमचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवला जातो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतं.

आता मर्यादा. यादी रिकामी आली म्हणजे कुणीच धरलेलं नाही, असं लगेच समजू नये. साध्या युजरच्या अधिकारात उघडलं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात किंवा दुसऱ्या युजरच्या नावाने चालणाऱ्या प्रोसेस त्याला दिसत नाहीत. खिडकीतच 'रीस्टार्ट ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' आहे, ते दाबून पुन्हा बघायचं. मला हे दुसऱ्या महिन्यात कळलं, आणि तोवर दोनदा रिकाम्या यादीवर विश्वास ठेवून मी भलतीकडेच शोधत राहिले होते.

आणि 'एंड टास्क' जपून. तिसऱ्या महिन्यात घाईत मी ओळ न उलगडता बटण दाबलं. त्याच प्रोग्राममध्ये दुसरा प्रोजेक्ट उघडा होता, सेव्ह न केलेला. तासाभराचं काम गेलं आणि ते अजूनही जिवाला लागून आहे. हे बटण प्रोग्रामला 'सेव्ह करू का' विचारायचीही संधी देत नाही. तेव्हापासून ओळ उलगडून फाइलींची नावं वाचल्याशिवाय माझा माउस त्या बटणाकडे जात नाही. यादीत एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डरं दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम, दिसला तर तो बंद केल्यावर टास्कबार आणि डेस्कटॉप गायब होतात. घाबरायचं नाही, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि 'रन न्यू टास्क'मधून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करायचा.

या आठ महिन्यांत तीन फोल्डरं अशी भेटली की जिथे यादी ॲडमिनिस्ट्रेटर होऊनही रिकामीच आली. खरं तर त्यांच्यामुळेच मी जास्त शिकले, म्हणून इथे थोडी थांबते.

पहिलं दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर बनवलेल्या झिपमधून आलं होतं. डिलीट केलं की विंडोज म्हणायचं, असं काही इथे सापडत नाही. समोर दिसतंय आणि सापडत नाही! नाव बदलायला गेले तरी तेच. शेवटी एफ२ दाबून कर्सर नावाच्या शेवटी नेला तेव्हा दिसलं: शेवटच्या अक्षरानंतर एक मोकळी जागा होती. विंडोजचे नेहमीचे प्रोग्राम नावाच्या शेवटची मोकळी जागा आणि टिंब गाळून टाकतात. म्हणजे ते 'मुलाखत' नावाचं फोल्डर शोधत होते आणि डिस्कवर होतं 'मुलाखत' अधिक एक जागा. यावर उपाय म्हणजे पत्त्याच्या आधी \\?\ ही चिन्हं लावणं. त्याने नावाची साफसफाई टळते आणि नाव जसंच्या तसं डिस्कपर्यंत पोचतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टाइप करून आदेश द्यायच्या खिडकीत, आरडी /एस (rd /s, फोल्डर काढायचा आदेश) लिहून पुढे अवतरणचिन्हांत \\?\ आणि लगेच पूर्ण पत्ता, शेवटच्या मोकळ्या जागेसकट. 'खात्री आहे का' विचारलं, वाय दाबलं, गेलं. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल अशा नावांची फोल्डरंही याच वाटेने जातात. ही नावं डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखीव आहेत, म्हणून साध्या मार्गाने त्यांना हात लावता येत नाही.

दुसरं फोल्डर खोल होतं. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि प्रत्येकाचं नाव वाक्याएवढं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ती उठवायची सोय आहे, पण प्रोग्रामनेही ती स्वीकारलेली असावी लागते. इथे रोबोकॉपी कामाला आलं. ही फोल्डरं कॉपी करायची कमांड, विस्टापासून विंडोजमध्येच असते आणि लांब पत्त्यांना अडत नाही. एक रिकामं फोल्डर बनवायचं आणि /एमआयआर हा पर्याय लावून त्या रिकाम्या फोल्डरचं प्रतिबिंब हट्टी फोल्डरवर पाडायचं. प्रतिबिंब रिकाम्याचं, म्हणून दुसरंही रिकामं होतं. मग उरलेलं कवच साध्या डिलीटने निघतं. कळकळीने सांगते, क्रम तपासा: आधी रिकाम्याचा पत्ता, मग ज्याला संपवायचं त्याचा. दुसरा पत्ता एक फोल्डर वरचा पडला तर शेजारचं सगळं जाईल आणि ते रीसायकल बिनमध्येही मिळणार नाही. मी एंटर दाबण्याआधी दोन्ही पत्ते मोठ्याने वाचते.

तिसरं जुन्या संगणकाच्या डिस्कवरचं. तिथे मालक म्हणून जुन्या विंडोजवरचं माझंच खातं होतं, पण नव्या विंडोजला ते ओळखता येत नव्हतं, नुसता एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसत होता. ही खरी परवानगीची अडचण. टेकओन या कमांडने मालकी घेतली, आयकॅक्ल्सने स्वतःला पूर्ण अधिकार दिले, मग डिलीट. हे फक्त आपल्या स्वतःच्या डेटावर करावं. विंडोजच्या फोल्डरात किंवा प्रोग्राम फाइल्समध्ये 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' हे विंडोजचं स्वतःचं खातं मालक दिसलं तर तिथे हात घालू नये, ते कुलूप कारणाने लावलेलं असतं.

फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही असा संदेश आला तर तो प्रकार या सगळ्यापेक्षा वेगळा. आधी त्या डिस्कवरचं हवं ते दुसरीकडे कॉपी करावं आणि मगच डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारं चेकडिस्क /एफ (chkdsk /f) चालवावं. डिलीट होत नाही ही तेव्हा सगळ्यात छोटी काळजी असते.

फाइल लॉकस्मिथच्या जोडीला मी प्रोसेस एक्सप्लोररही ठेवलं आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्सच्या संचातलं हे साधन, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. त्याच्या फाइंड मेनूतून फोल्डरचं नाव शोधलं की धरणारे सापडतात. अधिक खोल जाता येतं, पण राइट क्लिकच्या मेनूत सहज मिळणारी सोय त्यात नाही. प्रोसेस न मारता फक्त तिची पकड सोडवायची सोयही त्यात आहे. ती मी वापरत नाही. प्रोग्रामला पत्ता नसताना त्याच्या हातातली फाइल काढून घेतली तर तो पुढे कुठे काय लिहील याचा भरवसा नाही.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त वेळा काय सापडतं? एखादं फोल्डर कमांड प्रॉम्प्टमध्ये उघडून ती खिडकी मिनिमाइझ केलेली असते. आत काहीच चालू नसतं, पण ती खिडकी त्या फोल्डरात 'उभी' असते, आणि तेवढंच त्याला अडवायला पुरतं. त्याखालोखाल सिंक करणारे प्रोग्राम आणि अँटिव्हायरसची तपासणी. नुकतीच मोठी फाइल कॉपी केली असेल तर मिनिटभर थांबून पुन्हा डिलीट दाबलं तरी पुष्कळदा काम होतं.

ज्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची मुभा नाही, तिथे रिसोर्स मॉनिटर वापरा. तो विंडोजमध्ये आधीपासून असतो. सीपीयू टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स' नावाचा भाग आहे, तिथल्या शोधाच्या चौकटीत फोल्डरचं नाव टाकलं की यादी येते. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीला मी फोनवरून एवढंच सांगितलं. तिने नाव टाकलं, यादीतली एकमेव ओळ वाचून दाखवली आणि म्हणाली, "अगं, हा तर तो फोटो बघायचा प्रोग्राम, दुसऱ्या स्क्रीनवर उघडाच आहे."