कुकडीकाठची भूरूप सहल: पाण्याला न्याय, डोंगरउताराकडे दुर्लक्ष

पुण्याहून सकाळी निघून निघोज, बोरी आणि गुळुंचवाडी ही तीन ठिकाणे दाखवणारी, भूशास्त्राच्या जाणकारांनी आखलेली एक दिवसाची सहल मी नुकतीच केली. माणशी दोन हजार रुपयांच्या आसपासच्या शुल्कात प्रवास, दुपारचे जेवण आणि एक छोटी मराठी पुस्तिका मिळते. शाळेत विदारण (खडक जागच्या जागी फुटणे-कुजणे), विस्तृत झीज (उतारावरून माती-दगड खाली सरकणे), नदीचे कार्य हे धडे परीक्षेपुरते पाठ केलेल्या कुणालाही ही सहल मी निःसंकोच सुचवेन. मात्र सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसांच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे, तोच दरडी कोसळण्याचा विषय तिच्यात घाईने उरकला जातो, आणि म्हणून कौतुकासोबत तक्रारही सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

कुकडी नदीच्या पात्रात पाण्याने कोरलेल्या निघोजच्या रांजणखळग्यांपाशी मार्गदर्शकाने जे केले, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. पारनेर तालुक्यातले हे कुंड पाहायला येणारे बहुतेक लोक मळगंगा देवीचे दर्शन घेऊन, काठावर छायाचित्रे काढून परततात. इथे मात्र आम्हाला आधी पात्रातल्या कोरड्या खडकावर बसवून बेसाल्टमधील, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या खडकातील, बारीक पोकळ्या आणि भेगा दाखवल्या गेल्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूंमुळे राहिलेल्या या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे साचली. ती निखळून पडली की तिथे खळगा सुरू व्हायला जागा मिळते. पुराचे पाणी अशा खळग्यात भोवऱ्यासारखे फिरू लागले की त्यात अडकलेले गोटे जात्याच्या वरच्या तळीसारखे गरगरत खडक दळत राहतात आणि स्वतःही झिजून गोल होतात. खळगा खोल होतो, शेजारच्या खळग्याची भिंत पातळ होत होत फुटते, आणि असे अनेक रांजण एकमेकांना जोडले गेले की नदीला खडकातच नवी अरुंद घळ मिळते. हे ऐकल्यावर तळाशी पडलेला प्रत्येक गोटा म्हणजे काम करणारे हत्यार आहे हे लक्षात येते, आणि ‘एकही गोटा घरी नेऊ नका’ ही मार्गदर्शकाची सूचना निव्वळ शिस्तीची राहत नाही.

सहल नदीला पाणी कमी असतानाच काढली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण त्यामुळे खडक दिसतो आणि तो कोरणारी शक्ती दिसत नाही. ही उणीव मार्गदर्शकाने पुराच्या दिवसांतील त्याच जागेची छायाचित्रे दाखवून आणि एका साध्या नियमाने भरून काढली: प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ढकलता येणाऱ्या मोठ्यात मोठ्या दगडाचे वजन सिद्धान्ताने ६४ पट होते. वर्षभर शांत वाहणाऱ्या नदीपेक्षा पुराचे मोजके दिवस भूरूप अधिक का बदलतात, हे याहून कमी शब्दांत सांगता येईल असे मला वाटत नाही. वरच्या बाजूला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे झाल्यापासून पुराचा तो जोर बराचसा विसर्गावर अवलंबून आहे, हेही त्यांनी न विसरता सांगितले. हे रांजणखळगे ‘आशियातील सर्वांत मोठे’ आहेत यासारख्या दाव्यांवर त्यांनी वेळ घालवला नाही, याचे मला विशेष समाधान वाटले.

बोरीचा थांबा लहान आहे, पण तो वगळण्याची चूक कुणी करू नये. निघोजला खडक कोरणारी हीच कुकडी इथे गाळ साठवणारी नदी म्हणून भेटते. तिच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर सापडतो. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी महाउद्रेक झाला, आणि या राखेचे रासायनिक घटक त्या उद्रेकाच्या राखेशी जुळतात असे अनेक अभ्यासक मानतात. थराच्या वयाबद्दल मात्र वाद झालेले आहेत. मार्गदर्शकाने दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडल्या. काठ आधीच ढासळत असल्याने थराला हात लावू दिला नाही, हेही योग्यच झाले.

आणे घाटालगतच्या गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. ओढ्याच्या पाण्याने भेगांतून शिरून खालचा खडक पोखरला आणि वरचा थर कमानीसारखा टिकून राहिला, एवढे सांगून इथले विवेचन संपते आणि तेवढे पुरतेही. मला त्याहून अधिक आवडला तो रस्त्याकडेचा कापलेला डोंगर. बेसाल्टच्या भेगांत पाणी मुरते, त्यातील फेल्डस्पार या खनिजाची हळूहळू चिकणमाती होते, आणि ठोकळ्याच्या कोपऱ्यावर हा हल्ला तीन बाजूंनी होत असल्याने कोपरे आधी जातात. म्हणून कुजक्या मुरमाच्या मधोमध घट्ट दगडाचे गोल गाभे उरतात. रासायनिक विदारणाचा हा पुरावा आपण घाटातून जाताना कितीदा तरी पाहिलेला असतो.

नेमकी इथेच सहलीने पुढची पायरी गाठायला हवी होती. कुजलेला, सैल झालेला हा थर तीव्र उतारावर असेल आणि दिवसेंदिवस पावसाचे पाणी त्यात मुरत राहिले, तर पाण्याचा दाब मातीच्या कणांमधील पकड सैल करतो, थराचे वजनही वाढते, आणि गुरुत्वाकर्षणापुढे उताराचा टिकाव लागत नाही. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव अशाच रीतीने गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ते गाव जुन्नरला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यातले. त्यानंतर २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. असे असताना विस्तृत झिजेला परतीच्या गाडीत थोडीशी मिनिटे आणि पुस्तिकेत अर्धे पान मिळावे, हे मला पटले नाही. जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नव्या जागी पाझर फुटणे, या खुणा प्रत्येक सहभागी व्यक्तीला त्याच उतारासमोर उभे करून सांगायला हव्यात. आमच्या गटातील काहींची घरे अशाच डोंगरपायथ्यांच्या गावांत होती.

पुस्तिकेतील बर्फाच्या प्रकरणातही दुरुस्ती हवी. हिमालयातील यू आकाराच्या दऱ्या आणि हिमोढांची, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या ढिगांची, चित्रे चांगली आहेत, पण ‘महाराष्ट्राच्या भूमीवर हिमनद्यांचे कार्य कधीच झाले नाही’ हे विधान चुकीचे आहे. चंद्रपूरजवळ पैनगंगेकाठी इरई येथे चुनखडकाच्या पृष्ठभागावर हिमाने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे एकोणिसाव्या शतकातच नोंदवले गेले आहेत. ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आपला भूभाग गोंडवन या प्राचीन एकत्रित दक्षिण खंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता त्या काळातले आहेत. ही माहिती मी आयोजकांना लेखी कळवली आहे.

सहल दहा वर्षांवरील मुलांना झेपेल. निघोजचा खडक गुळगुळीत असल्याने चांगली पकड असलेली पादत्राणे हवीत, आणि उन्हाळ्यात पात्रात सावली नसल्याने डिसेंबर ते फेब्रुवारीतील तारीख निवडावी. जेवण साधे आणि चांगले होते. आयोजकांनी बोरीनंतरचा चहाचा लांबलेला थांबा आखडता घेतला, तर आणे घाटातील त्या कापलेल्या डोंगरासमोर दरडींबद्दल बोलायला अर्धा तास सहज मिळेल.