गूगल सर्व्हिसेस नसलेला फोन: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने झाले हा माझा मेन फोन आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं, कारण कॅमेरा अप्रतिम आहे, संध्याकाळच्या कमी उजेडातले फोटो तर बघत राहावेत असे येतात आणि बॅटरी दीड दिवस आरामात जाते. कंपनीचं नाव देत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाहीच.

फोनमध्ये अँड्रॉइडच आहे, पण गूगलच्या सर्व्हिसेस नाहीत. मला वाटलेलं प्ले स्टोअर नाही एवढाच फरक, कंपनीच्या स्टोअरवरून अ‍ॅप्स घेऊ, जे मिळणार नाही त्याची एपीके, म्हणजे अ‍ॅपची इन्स्टॉल करायची फाइल, थेट टाकू. आणि तसं झालंही, पहिल्या दोन दिवसांत जवळजवळ सगळी अ‍ॅप्स फोनमध्ये आली. पण अ‍ॅप इन्स्टॉल होणं आणि अ‍ॅप चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात बहिणीने रात्री नऊला मेसेज केला, बाबांना चक्कर आलीये, फोन कर. फोन माझ्या शेजारीच होता, आवाज चालू, नेट चालू, पण काही वाजलंच नाही. साडेअकराला सहज अ‍ॅप उघडलं तर चौदा मेसेज आणि त्याच अ‍ॅपवरचे दोन मिस्ड कॉल एकदम धडाधड आले. बाबा ठीक होते, पण ते अडीच तास मी अजून विसरलेले नाही.

मग वाचत बसले तेव्हा कळलं की बहुतेक अँड्रॉइड अ‍ॅप्सचं नोटिफिकेशन गूगलच्या सर्व्हरमार्फत येतं. फोनमधली प्ले सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालू असणारं गूगलचं सॉफ्टवेअर, त्या सर्व्हरशी एकच कनेक्शन कायम चालू ठेवते आणि सगळ्या अ‍ॅप्सचे निरोप त्यावरूनच येतात, म्हणून बॅटरीही वाचते. अँड्रॉइडचा मूळ कोड ओपन सोर्स आहे, कोणीही घेऊ शकतं, पण प्ले सर्व्हिसेस त्यात येत नाही, त्यासाठी गूगलचं लायसन्स लागतं. माझ्या फोनच्या कंपनीने स्वतःची नोटिफिकेशनची सोय केलीये, पण अ‍ॅप बनवणाऱ्याने ती आपल्या अ‍ॅपमध्ये जोडायला हवी ना! ती ज्यांनी जोडली नाही त्यांची अ‍ॅप्स उघडेपर्यंत गप्प बसतात.

नकाशाचंही तेच. टॅक्सीच्या अ‍ॅपमध्ये नकाशाच्या जागी राखाडी चौकोन आणि मधोमध प्ले सर्व्हिसेस अपडेट करा असं बटण, ते दाबलं तर काहीच होत नाही. मायक्रोजी नावाचा प्ले सर्व्हिसेसचा ओपन सोर्स पर्याय टाकल्यावर नकाशा दिसायला लागला, नोटिफिकेशनही बरीचशी सुधारली, त्या लोकांचे खरंच आभार. बँकेचं अ‍ॅप मात्र शेवटपर्यंत चाललं नाही. डिव्हाइस खात्रीचं आहे का हे ते प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या सोयीकडून तपासून घेतं आणि तिथे माझा फोन नापास होतो.

हे सगळं आधीही घडून गेलंय याचं जास्त वाईट वाटतं. ब्लॅकबेरीच्या फोनमधल्या ब्लॅकबेरी 10 या सिस्टीमवर अँड्रॉइड अ‍ॅप्स चालायची, 2014 मध्ये तर अ‍ॅमेझॉनचं अ‍ॅपस्टोअरच फोनमध्ये दिलेलं, पण गूगलच्या सर्व्हिसेसवर उभी असलेली अ‍ॅप्स तिथेही अडायची. नोकियाने 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन धरलं, फोन दणकट आणि देखणे होते, पण लोकांना हवी ती अ‍ॅप्स यायचीच नाहीत किंवा फार उशिरा यायची. 2019 मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे हुआवेच्या नव्या फोनमधून गूगल गेलं, मेट 30 त्याशिवायच आला. एवढ्या मोठ्या कंपनीच्या हातातून एका निर्णयाने अ‍ॅप्स जाऊ शकतात तर बाकीच्यांचं काय?

फोन बनवणाऱ्यांनी दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर अवलंबून राहूच नये असं मी म्हणत नाही, सगळं स्वतः बनवणं कोणाला जमणार. पण स्वतःच्या स्टोअरमध्ये अ‍ॅप ठेवताना या फोनवर याचं नोटिफिकेशन येणार नाही, नकाशा दिसणार नाही, एवढं तरी स्पष्ट लिहा. मी ते वाचून ठरवलं असतं.

फोन विकत नाहीये, कॅमेऱ्यासाठी ठेवलाय. बँकेसाठी जुना फोन परत काढला, आणि बहिणीला सांगून ठेवलंय की महत्त्वाचं असेल तर मेसेज नको, साधा कॉल कर.