माहिती अधिकाराचा अर्ज: काही महिने वापरल्यानंतरचं मत

आमच्या फोंड्याकडे माहिती अधिकार म्हटला की लोकांना जमिनीची भांडणं आठवतात, नाहीतर खाणी. मी तो वापरला बायकांच्या कामांसाठी: अडकलेलं अनुदान, रखडलेला दाखला, वाड्यावरच्या नळाचा खर्च. बचत गटाच्या बैठकीत अर्ज लिहायचे आणि तालुक्याला जाणारीने सगळ्यांचे घेऊन जायचे, अशी पद्धतच पडली आहे.

खर्च नावाला. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही माफ. माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. खिडकीवर ‘तुला कशाला हवं गो हे?’ असा प्रश्न आला की आमच्यातली एक शांतपणे कलम ६(२) म्हणते, आणि समोरचा माणूस ‘तुम्ही’वर येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. कायद्यात आहे हे. कुठल्या भिंतीवर लावलेलं मात्र मी पाहिलं नाही.

खरी मेख प्रश्न विचारण्यात आहे. ‘अनुदान का थांबलं?’ असं विचारलंत तर बहुतेक रिकामं उत्तर येईल. ‘का’चं उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असा निकाल २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथे गोव्यातच सेल्सा पिंटो प्रकरणात दिला आहे. त्यामुळे आम्ही कागद मागतो: माझ्या अर्जावरचे शेरे, टिपणी आणि फाइल सध्या कोणाकडे आहे त्या नोंदीची प्रत. शेजारच्या वहिनीचं काम असंच सुटलं. आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं, एवढीच अडचण. फाइलवर तसा शेराही होता, फक्त तिला कोणी कळवलं नव्हतं. (प्रत हातात पडण्याआधीच कार्यालयातून फोन आला, तो भाग वेगळा.)

आता उणं. ३० दिवसांची मुदत गरजेच्या वेळी फार लांब वाटते. उत्तर नाहीच आलं तर पहिलं अपील जमतं, पण पुढे दुसऱ्या अपिलासाठी पणजीला माहिती आयोगाकडे जायचं म्हणजे मजुरी बुडवायची. बऱ्याच जणी तिथेच थांबतात.

ऑनलाइन सेवा आल्या, आता अर्ज कशाला, असं मुलं सांगतात. ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, नवरा वेर्ण्याच्या कारखान्यात आणि मोबाइल गेटवर जमा! ज्यांचा नंबर स्वतःचा आहे त्यांचं काम घरबसल्या होतं, हे मान्य. बाकीच्यांनी आधी तो नंबर बदलून घ्यावा.

वाड्यावरच्या नळाच्या कामाच्या बिलाची प्रत मिळाल्यावर आम्ही रविवारच्या ग्रामसभेला गेलो. एरवी बायकांना बोलायला शेवटी वेळ मिळतो. त्या दिवशी आकडे आमच्याकडे होते आणि पंच आमच्या कागदात डोकावत होते.

नव्याने वापरणारीने एक करावं: तारीख आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पुढे अपिलाची वेळ आली तर अर्ज कधी दिला, याचा तोच पुरावा.