ब्राँकियल थर्मोप्लास्टी: तीव्र दम्यावरचा ‘आतला शेक’ कितपत कामाचा?

दम्याच्या पेशंटला हा उपचार समजावताना ‘दुर्बिणीतून श्वासनळ्यांना आतून शेक देतात’ असं सांगितलं जातं. वर्णन ढोबळ आहे, पण चुकीचं नाही. नेमकी गल्लत होते ती पुढच्या वाक्यात, म्हणजे ‘शेक दिला की छाती मोकळी होते’ या समजुतीत. छाती तशी मोकळी होत नाही. फुंकायच्या टेस्टमधला एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) हा आकडा उपचाराआधी जिथे असतो, बहुतेकांचा नंतरही तिथेच असतो. कमी होतात ते झटके, इमर्जन्सीत रात्री-अपरात्री धावायच्या खेपा आणि कामाचे बुडलेले दिवस. हा फरक आधी समजला नाही तर उपचार यशस्वी होऊनही पेशंट निराश होतो.

यामागचं कारण साधं आहे. जुन्या, तीव्र दम्यात श्वासनलिकांच्या भिंतीतला स्नायू जाड झालेला असतो. धूळ, थंड हवा, सर्दी यांपैकी काहीही निमित्त झालं की तो आवळतो आणि नळी चिमटते. थर्मोप्लास्टीत रेडिओलहरींनी भिंतीला ६५ अंश सेल्सिअसपर्यंत ऊब देतात आणि तेवढ्याने हा स्नायू घटतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या पुढाकाराने झालेल्या ‘तास्मा’ या अभ्यासात उपचाराआधी आणि नंतर नळीचे तुकडे काढून तपासले, तेव्हा स्नायूचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलेलं दिसलं. म्हणजे नळीची आवळायची ताकद कमी होते. सूज, चिकट बेडका आणि अ‍ॅलर्जी मात्र जागच्या जागीच राहतात. म्हणून पंप बंद होत नाही. ‘हे केलं की पंप सुटेल’ असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबावं.

या कामाची यंत्रणा ‘अ‍ॅलेर’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला २७ एप्रिल २०१० रोजी मान्यता दिली, ती १८ वर्षं व त्यावरच्या आणि स्टिरॉइड अधिक लांब पल्ल्याचं श्वासनळी रुंदावणारं औषध घेऊनही दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णांसाठी. त्याच वर्षी बोस्टन सायंटिफिकने मूळची अ‍ॅस्थमॅटिक्स कंपनी विकत घेतली. सामान फार नाही: एक जनरेटर, पायाने दाबायचा स्विच, अंगाला चिकटवायचं पॅड आणि एकदाच वापरायचा कॅथेटर. कॅथेटरच्या टोकाला चार तारांची छोटी टोपली असते. ती उघडली की चारही तारा नळीच्या भिंतीला टेकतात. सगळा खेळ एकाच बनावटीच्या कॅथेटरवर आहे, त्यामुळे तारीख घेण्याआधी पुरवठा चालू आहे का आणि तिन्ही सत्रांचे सीलबंद, मुदतीतले कॅथेटर हाताशी आहेत का, हे स्पष्ट विचारावं. पहिलं सत्र होऊन दुसऱ्यासाठी सामान नाही, अशी अर्धवट अवस्था नको.

उपचार तीन सत्रांत होतो आणि दोन सत्रांत किमान तीन आठवड्यांचं अंतर लागतं. पहिल्यांदा उजव्या फुप्फुसाचा खालचा कप्पा, दुसऱ्यांदा डाव्याचा खालचा, तिसऱ्यांदा दोन्हीकडचे वरचे कप्पे. उजवीकडचा मधला कप्पा सहसा सोडूनच देतात. त्याची नळी अरुंद आणि लांबट असते. सुजून तिचं तोंड बंद झालं तर आख्खा कप्पा बसेल, ही भीती त्यामागे आहे. तिन्ही भाग एकाच बैठकीत का उरकत नाहीत, याचं उत्तरही सुजेतच आहे. शेकलेली नळी काही दिवस सुजते, आणि दोन्ही फुप्फुसं एकदम सुजली तर आधीच दमलेल्या माणसाला श्वास घ्यायला जागा उरणार नाही.

प्रत्येक सत्रासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५० मिलिग्रॅम, आधीचे तीन दिवस, प्रक्रियेचा दिवस आणि दुसरा दिवस, असं पाच दिवस घ्यायचं असतं. मधुमेह असेल तर या पाच दिवसांत साखर उसळणार हे गृहीत धरून इन्सुलिनची किंवा गोळ्यांची सोय आधीच लावून ठेवावी. हा मुद्दा घाईत राहून जातो. प्रक्रियेच्या सकाळी फुंकायची टेस्ट करतात. त्या दिवशी ताप, नवा पिवळा बेडका किंवा वाढलेली धाप असेल, गेल्या दोन आठवड्यांत झटका येऊन गेला असेल किंवा पोटात घ्यायच्या स्टिरॉइडचा डोस बदलला असेल, तर सत्र पुढे ढकलायला हवं. सुट्टी काढून, गावाहून गाडी करून आलेल्या पेशंटला हे सांगणं जड जातं, पण रेटून केलेलं सत्र फार महागात पडतं.

आतलं काम चिकाटीचं आहे. दुर्बीण बारीक लागते, पण तिच्यात निदान दोन मिलिमीटरची कामाची वाट हवी. ३ ते १० मिलिमीटर व्यासाच्या, डोळ्याला दिसतील तेवढ्याच नळ्या शेकायच्या. कॅथेटर नजरेआड ढकलला तर फुप्फुसाच्या कडेला इजा होऊन छातीत हवा भरू शकते. टोकापासून सुरुवात करायची, टोपली उघडायची, चारही तारा टेकल्या की स्विच दाबायचा आणि १० सेकंद थांबायचं. मग टोपली थोडी मिटून ५ मिलिमीटर मागे यायचं आणि पुन्हा तेच करायचं. तार नीट टेकली नसेल तर जनरेटर वेगळा आवाज करून सांगतो. एकाच जागी दोनदा शेक बसू नये आणि मधली जागा सुटूही नये, म्हणून चांगलं पथक श्वासनळ्यांचा नकाशा समोर ठेवतं आणि मदतनीस प्रत्येक शेकाची खूण करत जातो. खालच्या एका कप्प्यात साधारण ४० ते ७० शेक बसतात. दोन्ही वरच्यांत मिळून त्याहून जास्त लागू शकतात. पन्नास शेक धरले तरी नुसती ऊब देण्यातच आठ मिनिटं जातात. बाकीचा वेळ नळी शोधण्यात, खोकला शांत होईपर्यंत थांबण्यात आणि तारांवरचा बेडका पुसण्यात जातो. त्यामुळे पाऊण-एक तास लागला तर घाबरायचं कारण नाही. उलट कमालीच्या झटपट उरकलेल्या सत्राबद्दल प्रश्न विचारावेत.

कारण शेकांची संख्या हा नुसता कागदोपत्री तपशील नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात ज्यांना गुण आला त्यांना तिन्ही सत्रांत मिळून सरासरी २२१ शेक मिळाले होते आणि ज्यांना आला नाही त्यांना १३९. अभ्यास लहान होता, तरी १४०च्या खाली फारसं हाती लागत नाही असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्या मते या उपचाराचं मोल ठरवणारा हा सर्वांत दुर्लक्षित आकडा आहे. खोकला आवरत नाही म्हणून मध्येच आवरतं घेतलेलं सत्र बिलात पूर्ण दिसतं, फुप्फुसात मात्र अर्धंच झालेलं असतं. खोकला आवरण्यासाठी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध पुरेसं पण मोजून द्यावं लागतं. काही ठिकाणी नुसती गुंगी देतात, काही ठिकाणी पूर्ण भूल. खूप खोकणाऱ्या पेशंटसाठी पूर्ण भूल बरी, कारण हात स्थिर राहिला तरच शेक जागेवर बसतो. उष्णतेचं काम असल्याने ऑक्सिजनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आत ठेवतात.

प्रक्रिया झाली की निदान तीन-चार तास देखरेख हवी. घरी सोडण्याआधी पुन्हा फुंकायला लावतात. एफईव्ही-१ सकाळच्या आकड्याच्या ८० टक्के तरी असायला हवा. आपल्याकडे पेशंट लांबून आलेले असतात, त्यामुळे पहिली रात्र दवाखान्यातच काढणं शहाणपणाचं.

आता वाईट आठवड्याबद्दल. खोकला, शिट्टीसारखा आवाज, छातीत जडपणा, बेडक्यात थोडं रक्त हे सगळं बहुधा पहिल्याच दिवशी सुरू होतं आणि आठवडाभरात ओसरतं. काहींचा दमा मात्र खरोखरच चिघळतो. ‘एअर-२’ या मुख्य चाचणीत उपचाराच्या काळात ८.४ टक्के रुग्णांना दमा वा श्वसनाच्या त्रासामुळे दाखल करावं लागलं. खोटी प्रक्रिया (शेक न देता नुसती दुर्बीण) केलेल्या गटात हे प्रमाण २ टक्के होतं. बेडक्याची गुठळी नळीत अडकून कप्पा बसणं आणि छातीचा जंतुसंसर्ग या दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो. धाप वाढत चालली, ताप आला, पंपाचा असर तासाभरातच उतरू लागला किंवा थुंकीत नुसतंच रक्त येऊ लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

मग मिळतं काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘एअर-२’मध्ये १९० जणांना खरा शेक दिला आणि ९८ जणांना फक्त दुर्बीण घालून यंत्राचे आवाज ऐकवले. पुढच्या काळात तीव्र झटका आलेल्यांचं प्रमाण २६.३ विरुद्ध ३९.८ टक्के होतं. इमर्जन्सीच्या खेपा ८४ टक्क्यांनी कमी झाल्या. आयुष्याच्या गुणवत्तेच्या प्रश्नावलीत खऱ्या गटातल्या ७९ टक्क्यांना ठळक सुधारणा वाटली, पण खोट्या गटातल्याही ६४ टक्क्यांना वाटली! म्हणून ‘मला बरं वाटतंय’ एवढ्यावर या उपचाराचा निकाल लावू नये. झटके मोजावेत, स्टिरॉइडचे कोर्स मोजावेत.

त्या चाचणीतली माणसंही निवडक होती. एफईव्ही-१ साठ टक्क्यांच्या खाली असलेले आणि वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा दाखल झालेले तिच्यात घेतलेच नव्हते. दवाखान्यात या उपचाराची चौकशी करायला येतात ते नेमके असेच. पण मान्यतेनंतर अमेरिका आणि कॅनडात केलेल्या पाहणीत पाचव्या वर्षी तीव्र झटका आलेल्यांचं प्रमाण ७७.८ वरून ४२.७ टक्क्यांवर, इमर्जन्सीत गेलेल्यांचं २९.४ वरून ७.९ वर आणि दाखल झालेल्यांचं १६.१ वरून ४.८ वर आलेलं दिसलं. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता हे लक्षात ठेवूनही हे आकडे आश्वासक आहेत. गुण टिकतो, हेही दिसलं आहे. दहा वर्षांनंतर पुन्हा बोलावलेल्या रुग्णांत झटक्यांचं प्रमाण पहिल्या आणि पाचव्या वर्षाइतकंच, म्हणजे साधारण चौघांत एकाला झटका, असं होतं. मात्र आधी ब्राँकिएक्टॅसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याचा विकार) नसलेल्या काहींच्या, सुमारे ७ टक्क्यांच्या, सीटी स्कॅनवर तो नव्याने दिसला. बहुतेकांत सौम्यच, पण सांगायला हवा असा.

आजच्या घडीला या उपचाराची जागा बायोलॉजिक इंजेक्शनांच्या, म्हणजे दम्याच्या सुजेमागचा ठरावीक दुवा रोखणाऱ्या प्रतिपिंडांच्या औषधांच्या, मागे आहे. रक्तात इओसिनोफिल (सुजेत भाग घेणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील किंवा अ‍ॅलर्जीचा दमा असेल तर आधी ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब किंवा डुपिलुमॅब यांपैकी लागू पडेल ते. त्यांचे पुरावे जास्त भक्कम आहेत आणि इंजेक्शन थांबवता येतं, शेकलेली नळी पूर्ववत करता येत नाही. अमेरिकेच्या २०२० च्या सरकारी मार्गदर्शिकेचा कल सर्वसाधारणपणे थर्मोप्लास्टी न करण्याकडे आहे. दम्याच्या जागतिक ‘जिना’ मार्गदर्शिकेने ती पेशंटला रुग्णांच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) किंवा अभ्यासात सहभागी करूनच द्यावी, असं म्हटलं. आम्हाला हे योग्य वाटतं. खरा लाभार्थी तो, ज्याचे इओसिनोफिल कमी आहेत किंवा इंजेक्शनांनी गुण आलेला नाही, आणि जो पंप रोज, नीट घेतो.

‘नीट घेतो’ हे शब्द हलके घेऊ नका. स्पेसर (पंपाला जोडायची नळकांडी) न लावता तोंडात उडवलेला पंप, सिगारेट वा चुलीचा धूर, घोरण्याचा आजार, छातीतली आम्लाची जळजळ, स्वरयंत्राचं चुकीचं आवळणं, यांतलं काही असेल तर आधी ते निस्तरावं. आपल्याकडे आणखी एक तपासणी टाळूच नये: अ‍ॅस्परजिलस बुरशीची. एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रतिपिंड) आणि अ‍ॅस्परजिलसचा खास आयजीई पाहिल्याशिवाय थर्मोप्लास्टीची तारीख देणारा दवाखाना घाई करतो आहे. बुरशीच्या दम्याला गोळ्यांचा वेगळा उपचार आहे. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं तत्सम विद्युतयंत्र असेल तर हा उपचार करता येत नाही.

पैशांचं पाहायचं तर खर्चाचा मोठा वाटा कॅथेटरचा असतो, आणि तो तीनदा लागतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आधुनिक उपचारांच्या यादीत ब्राँकियल थर्मोप्लास्टीचं नाव स्पष्ट आहे, त्यामुळे ‘हे पॉलिसीत बसत नाही’ असं सरसकट उत्तर मिळालं तर ती यादी दाखवावी. पण कंपनी या उपचारांवर रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून पॉलिसीतलं ‘आधुनिक उपचार’ हे कलम आधी वाचावं. तीन सत्रं म्हणजे तीन क्लेम. प्रत्येकाची मंजुरी वेगळी घ्यावी आणि मध्ये पॉलिसीचं नूतनीकरण येत असेल तर तारखा त्याप्रमाणे लावाव्यात.

डिस्चार्जच्या कागदांत प्रत्येक सत्राचा कप्पानिहाय शेकांचा तक्ता मागून घ्यावा. तिसऱ्या सत्रानंतर पहिले सहा आठवडे हिशेबात धरू नयेत. त्यानंतर एक वर्षभर वहीत तारखेसह लिहावं: स्टिरॉइडचा कोर्स कधी लागला, रात्री किती वेळा उठावं लागलं, इमर्जन्सीत कधी जावं लागलं. शेजारच्या पानावर उपचाराआधीच्या वर्षाचा असाच हिशेब असू द्यावा, आणि तो पहिल्या सत्राआधीच लिहून ठेवावा.